दादांची वही आणि सुरतेची वाट

सुरतेला आम्ही गेल्या संक्रांतीस गेलो, ते खरे म्हणजे एका वहीसाठी. बडोद्याहून सुरत अशी कितीशी दूर! सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा रस्ता, गाडीत बसून दोन वर्तमानपत्रे वाचून होतात न होतात तोच तापीचा पूल लागतो. तरीही आमचे ज्येष्ठ बंधू अंथरुणाला खिळून होते त्या सहा वर्षांत आम्ही तेथे मोजून तीन वेळा गेलो. ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, म्हणजे पुढचे लिहिताना मन मोकळे राहील.

दादा सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत भूगोल शिकवीत. तापी खोऱ्याची रेल्वे 1900 साली पूर्ण झाल्यापासून खानदेशातली माणसे सुरतेला येत राहिली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतून आज जी मराठी कानी पडते तिच्यात अहिराणीचा गोडवा आहे. त्या कुटुंबांतील मुलांना दादांनी तीस वर्षे नकाशे काढावयास शिकविले. इतिहासाचे शिक्षक रजेवर असले म्हणजे 1664 चा सुरतेचा धडाही त्यांच्याच वाट्याला येई. 'सुरतेत राहून सुरतेची लूट शिकवावयाची म्हणजे जिभेवर तराजू ठेवावा लागतो,' असे ते म्हणत. निवृत्तीनंतर नानपुऱ्यातल्या घरातून ते रोज पहाटे निघत आणि कधी चौकापर्यंत, कधी कतारगाम दरवाजापर्यंत पायी जात. 2013 साली अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि हे फिरणे एका रात्रीत थांबले.

त्याच वर्षी त्यांच्या चिरंजीवांच्या हाती एक खेळ आला. चिरंजीव तेव्हा नववीत होते. 'ड्रॅगन्स डॉग्मा' असे त्या खेळाचे नाव. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो 2012 साली काढला, हिदेआकी इत्सुनो हे त्याचे दिग्दर्शक. घरातल्या दूरदर्शन संचाला प्लेस्टेशन जोडावयाचे, हाती बटणांचा ठोकळा घ्यावयाचा, आणि पडद्यावरच्या वीराला तलवार परजीत रानोमाळ हिंडवावयाचे. एक अग्निमुखी सर्प कोळ्यांच्या गावावर चालून येतो, नायकाचे हृदय काढून गिळतो, आणि तरीही जिवंत राहिलेला हा नायक त्या सर्पाच्या शोधार्थ निघतो, असे त्याचे कथानक. ग्रान्सिस नावाच्या राज्यात समुद्र आहे, अरण्ये आहेत, राजधानी आहे. कोठेही केव्हाही जाण्यास मनाई नाही. वाटेत जे आडवे येतील त्यांच्याशी मात्र दोन हात करावे लागतात.

आम्ही 2015 साली सुरतेला गेलो तेव्हाचे दृश्य आजही डोळ्यांपुढे आहे. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना पुस्तके हाती धरावयास लावली, तो खुर्चीत उशांना टेकून बसलेला आणि पडद्यावर कत्तल चाललेली. आम्ही म्हणालो, "दादा, या वयात हे काय?" दादांचे बोलणे तेव्हा अडखळत होते. ते म्हणाले, "अरे, फिरायला निघालोय." आम्ही ते आजाराचे लक्षण समजलो आणि वहिनींना बाजूला घेऊन दोन शब्द अधिकच बोललो. पुतण्याने ते ऐकले असावे. पुढे कित्येक दिवस तो आमच्याशी दूरध्वनीवर बोलला नाही.

दादा 2019 साली गेले. पुतण्या आता पुण्यात नोकरीस असतो. यंदा उत्तरायणासाठी तो घरी आला असता त्याने आपण होऊन कळविले, "काका, बाबांची वही सापडली आहे. या, दाखवतो."

वही शाळकरी, दोनशे पानी. डाव्या हाताने काढलेली अक्षरे पाहून प्रथम आम्हांस वाटले की ही कोणा पहिलीतल्या मुलाची असावी. ज्यांच्या फळ्यावरच्या अक्षरासाठी निरीक्षक थांबून राहत, त्या दादांचे हे अक्षर होते. पानापानावर नकाशे. उत्तरेचा बाण, प्रमाण, खुणांची सूची, सारे यथासांग. आणि ग्रान्सिसच्या त्या परक्या भूमीवर नावे मात्र सगळी आपल्या सुरतेची! कोळ्यांचे गाव कसार्डिस, त्याच्याशी 'डुमस' असे लिहिलेले. राजधानीच्या वेशीला 'दिल्ली दरवाजा', राजवाड्याला 'किल्ला', थडग्यांच्या भुयाराला 'ऑक्झेंडनची कबर'. एका उंच डोंगराला नाव दिले होते 'पर्वत पाटिया'. सुरतेतील वाचकांस हे सांगावयास नको, पण इतरांसाठी सांगतो की सुरतेला पर्वत पाटिया नावाची मोठी वस्ती आहे आणि तेथे औषधालाही टेकाड नाही. खाली दादांची टीप : 'शेवटी सापडला.'

जलाशयांच्या कडेला ठिकठिकाणी फुली होती. या खेळात खोल पाण्यात उतरलेल्यास पाण्यातलीच एक शक्ती ओढून नेते, म्हणून पोहणे अशक्य. दादांनी तेथे एवढेच लिहिले होते, 'पाण्यात उतरू नये. सन 2006.' त्या वर्षीच्या ऑगस्टात उकाई धरणाचे पाणी सुटून निम्म्याहून अधिक सुरत बुडाली होती. नानपुऱ्याच्या घरात भिंतीवर त्या पाण्याची रेघ अद्याप आहे. रंग देताना वहिनी तेवढी पट्टी सोडून देतात.

सायंकाळी पुतण्याने माळ्यावरून यंत्र काढले, पुसले, जोडले. ते चालू होईल की नाही याची त्यालाच खात्री नव्हती, पण झाले. आमची इच्छा होती की आरंभापासून पाहावे. वहीच्या पहिल्या पानांवर एका बैलगाडीचे वर्णन होते. छावणीत तोडलेले बहुमुखी सर्पाचे मुंडके गाडीत घालून ती राजधानीपर्यंत सोबत करीत न्यावयाची, असा तो प्रसंग. बैल फार हळू चालतो. त्याला लाथ मारली की वेग वाढतो म्हणे, पण दादांनी मुलाला ते करू दिले नाही. सगळा रस्ता बैलाच्या चालीने काढला. हे पाहावयास मिळाले असते तर! पण पुतण्या म्हणाला, "काका, या खेळात एकच डाव साठतो. नवा मांडला की जुना पुसला जातो." नक्कल करून ठेवण्याच्या काही युक्त्या असतात म्हणे, पण ते धाडस आम्हां दोघांचेही झाले नाही. जुना डाव जेथे थांबला होता तेथूनच निघालो.

नायकाबरोबर तीन सोबती असतात. त्यांना खेळात प्यादी म्हणतात. त्यांतले एक आपण घडवावयाचे, बाकीची दोन इतर खेळाडूंनी घडविलेली उसनी घ्यावयाची. आपले प्यादेही असेच परक्यांच्या जगात चाकरीला जाई आणि परतताना तिकडच्या वाटांची माहिती आणि एखादी भेटवस्तू घेऊन येई. दादांना या योजनेचे फार कौतुक. 'धुळ्याची माणसे सुरतेला येतात तसेच हे,' असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुतण्याने घडविलेले प्यादे टक्कल पडलेले, पांढऱ्या मिशांचे आणि देहाने चांगले भरभक्कम होते. भारी देहाचा सोबती ओझे अधिक वाहतो, हे त्याचे स्पष्टीकरण. त्यावर दादांची टीप : 'मी एवढा जाड नाही.'

ते प्यादे पुढे चालत होते आणि आम्ही पाहत होतो. बराच वेळ कोणीच बोलले नाही.

खेळाचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याच वळणावर तेच लुटारू पुन:पुन्हा येतात. सोबती अखंड बडबडतात आणि तेच ते सांगतात. काही पात्रांचा पोशाख असा की वहिनी खोलीत आल्या म्हणजे आम्ही उगाच खिडकीबाहेर पाहू लागलो. पण काही गोष्टी विलक्षण खऱ्या आहेत. ओझे वाढले की दम लवकर लागतो. पिशवीतले मांस चार दिवसांनी आंबते, मग कुजते. रात्र पडली म्हणजे खरोखर काही दिसत नाही. कंदिलापुरता उजेड, आणि तेल संपले की तोही नाही. इच्छित स्थळी क्षणात पोहोचविणारे दगड मिळतात, पण पूर्वी त्यांची किंमत फार असे. दादांनी तर ते वापरण्यास बंदीच केली होती. पायी जावयाचे. मुलगा कुरकुरे. "बाबा म्हणायचे, दगड वापरून मी कुठे पोहोचू? मला पोहोचायचे नाहीच," पुतण्या सांगत होता. आणखी एक बंदी होती. या खेळात कोणाच्याही घरात शिरून पेट्यांतील चीजवस्तू उचलता येते, कोणी हटकीत नाही. दादांचा हुकूम : 'सुरतेत राहून लूट करावयाची नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी वही काखोटीस मारून आम्ही दोघे खऱ्या वाटेने निघालो. रिक्षाने दिल्ली दरवाजापर्यंत गेलो. तेथे दरवाजा नाही. लाल दरवाजा, सहारा दरवाजा, मजुरा दरवाजा, सगळीकडे हीच कथा. शिवाजी महाराजांच्या पहिल्या स्वारीच्या वेळी शहराला मातीचा कोट होता. पुढे विटांचा झाला. आता नावेच काय ती उरली आहेत, आणि रिक्षावाले ती नावे भाड्यासाठी घेतात. राजमार्गाने चालू लागलो. दुतर्फा कापडाचे, भांड्यांचे, पतंगांचे ढीग. हातगाड्यांवर मांज्याच्या फिरक्या. 1871 सालचा घड्याळाचा मनोरा ओलांडला, भागळ आले. पुतण्या वहीतला राजधानीचा नकाशा धरून चालत होता आणि गंमत अशी की बाजार, चौक, किल्ला हा क्रम बिनचूक जुळत होता. दादांनी ग्रान सोरेनचा नकाशा काढताना नकळत आपलाच रस्ता काढला होता की नकळत नव्हे, हे कोणास विचारावे?

चौकातला किल्ला तापीच्या काठी उभा आहे. पोर्तुगिजांच्या हल्ल्यांपासून शहर वाचावे म्हणून सुलतान महमूद तिसरा याच्या काळात, 1540 नंतरच्या काही वर्षांत खुदावंदखानाने तो बांधला. जानेवारी 1664 मध्ये सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच भिंतींआड दडून बसला. इंग्रजांची वखार मात्र जॉर्ज ऑक्झेंडनने लढविली. त्याची आणि त्याच्या भावाची एकावर एक चढविल्यासारखी दुमजली कबर कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी कबरस्थानात आहे. दादा आजारापूर्वी तेथे वरचेवर जात. भाऊ भावाच्या शेजारी निजला आहे, एवढेच त्यांनी आम्हांस एकदा सांगितले होते.

किल्ल्याच्या बुरुजावरून आम्ही नदी पाहिली. पुतण्या हळूच म्हणाला, "तुम्ही रागावलात त्या दिवसानंतर बाबांनी विचारले, काकाला यातले काही दाखवायचे का? मी नाही म्हणालो." आम्ही म्हणालो, "बरोबरच होते तुझे." याहून अधिक त्या विषयावर बोलणे झाले नाही.

रात्री पुन्हा खेळ मांडला. डाव अखेरच्या टप्प्यावर थांबलेला होता. आता फक्त त्या अग्निमुखी सर्पाला गाठावयाचे राहिले होते. चार वर्षे दोघांनी ते का केले नाही, असे आम्ही विचारले. पुतण्याने वहीचे शेवटचे पान उघडले. सर्प मेला की राजधानीखालची जमीन खचते आणि शहराचा मोठा भाग एका अथांग विवरात कोसळतो, हे त्याला मित्रांकडून कळले होते आणि त्याने ते बापाला सांगितले होते. पानावर राजधानीचा नकाशा होता. त्याखाली डाव्या हाताची अक्षरे : 'शहर बुडालेले एकदा पाहिले आहे. तूर्त थांबावे.'

"जायचे का, काका?" त्याने ठोकळा आमच्या हाती देत विचारले.

आम्ही बटणे चाचपली. तो टकलू सोबती दोन पावले पुढे जाऊन थांबला आणि मागे वळून पाहू लागला. आम्ही त्याला डुमसच्या वाटेला लावले. वाटेत रात्र पडली, कंदिलाचे तेल संपत आले. वहीत त्या वळणावर 'तेल जवळ ठेवणे' असे लिहिलेच होते, पण आम्हांस ते वेळेवर वाचता आले नाही. अंधारात सांगाड्यांनी घेरले, पुतण्याने ठोकळा हिसकावून घेतला आणि आमची सुटका केली. इतक्यात वहिनींनी पोंक आणि लिंबू-मिऱ्याची शेव आणून पुढे ठेवली आणि दोघांनाही दटावले की डोळे जातील.

परतीच्या दिवशी पुतण्या रिक्षा बोलावू लागला. आम्ही पिशवी खांद्याला लावली आणि म्हणालो, "राहू दे, स्टेशनापर्यंत चालत जातो." नानपुऱ्याहून निघालो, चौकात चहा घेतला, किल्ल्याला वळसा घातला. भागळपर्यंत येता येता पिशवीच्या ओझ्याने दम लागला. गाडी अर्थातच चुकली. पुढच्या गाडीस दीड तास होता; फलाटावर बसून आम्ही वहीतल्या पहिल्या नकाशाची नक्कल काढीत राहिलो.