स्टेअरिंगचा रॅक: नवा, रिमॅन्युफॅक्चर्ड की रिकंडिशन?

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण भाजीपाला करणाऱ्याला गाडी म्हणजे पिकाचाच भाग. माल तोडला आणि वेळेत मार्केटला पोचला नाही तर सगळी मेहनत बांधावरच राहिली.

आमची पिकअप 11 वर्षांची. ओतूर, मढ करत माळशेज घाट उतरून कल्याण मार्केट, हा तिचा रस्ता. रात्री माल भरायचा आणि उजाडायच्या आत पोचायचं. हल्ली गाडी पोरगा चालवतो. मागच्या महिन्यात तो म्हणाला, "आप्पा, स्टेअरिंग फिरवलं तरी चाक लगेच ऐकत नाही." मिस्तरीने रॅकच्या टोकाचं रबरी बूट सरकवलं तर आतून तेलच गळालं. रॅकचं सील गेलेलं आणि टाय रॉडचे एंड पण ढिले. आता रॅक बदलायचा तर कसला बसवायचा, हा प्रश्न.

तीन प्रकार मिळतात. दुकानात तिन्हींची नावं एकमेकांत मिसळून सांगतात, म्हणून आधी फरक नीट लिहितो.

नवा म्हणजे सगळे भाग नवे. पण नव्यातही गाडीच्या कंपनीचा वेगळा आणि नुसत्या चकचकीत डब्यातला वेगळा. पार्ट नंबर जुळवून, पक्कं बिल घेऊनच घ्यावा.

रिमॅन्युफॅक्चर्ड म्हणजे जुना रॅक पूर्ण सुटा करतात, धुतात, एकेक भाग मोजतात. झिजलेला भाग मूळ मापाचा नवा घालतात, सगळी सील, बुश नवी. मग बेंचवर तेलाचा दाब देऊन तपासतात. वर वॉरंटी. आपला जुना रॅक ते ठेवून घेतात, त्याचे पैसे बिलात वजा होतात.

रिकंडिशन म्हणजे जे बिघडलंय तेवढंच बदलायचं. सील किट टाकलं, साफ केलं, रंग मारला. बाकी आतलं जुनं तसंच. काम वाईटच असतं असं नाही, पण ते पूर्णपणे करणाऱ्याच्या हातावर असतं.

ऊसवाल्यांना एका वाक्यात सांगतो. नवा म्हणजे नवी लागण. रिमॅन्युफॅक्चर्ड म्हणजे नांग्या भरून, बगला फोडून, खत घालून नीट सांभाळलेला खोडवा. रिकंडिशन म्हणजे नुसतं पाणी दिलेला खोडवा. येईलही चांगला, पण खात्री कोण देणार?

भाव विचारले. नव्याला शंभर धरले तर रिमॅन्युफॅक्चर्डला मला साठच्या आसपास सांगितले आणि गावच्या वर्कशॉपात सील बदलायला पंचवीसच्या आत.

पहिल्यांदा मन पंचवीसकडेच गेलं, खोटं कशाला बोलू. विहिरीवरची मोटार आपण किती वेळा भरून आणतो. पण मोटार परत जळाली तर पाणी दोन दिवस उशिरा मिळतं. घाटाच्या वळणावर स्टेअरिंगने दगा दिला तर उशीर वगैरे काही नसतो.

मिस्तरी माणूस सरळ. त्याने रॅक उघडून दाखवला. आतल्या दांड्याला गंजाचे खड्डे आणि उभे ओरखडे होते. म्हणाला, "अशा दांड्यावर नवं सील टाकलं तर दांडाच ते कापून काढील. माझी मजुरी मिळेल, पण चार महिन्यांनी तुम्ही परत इथंच." दांडा गुळगुळीत असता तर सील किटवर भागलं असतं. म्हणजे निर्णय किमतीने नाही, दांड्याने झाला.

राहिले दोन. घरची म्हणाली, "पोरगं रात्री घाटात असतं आणि तुम्ही जुनंच घालताय?" तिचं चुकीचं नव्हतं. पण मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग असतं. या गाडीची अजून तीन-चार वर्षं धरली तर नव्याचे पैसे वसूल होणं अवघड. म्हणून दुकानदाराला तीन गोष्टी विचारल्या: कोणकोणते भाग नवे घातले, बेंचवर तपासल्याचा कागद आहे का, वॉरंटी बिलावर लिहून देणार का. तिन्ही मिळाल्यावरच रिमॅन्युफॅक्चर्ड घेतला. एकानेही टाळाटाळ केली असती तर ठिबकचे पैसे मोडून नवा आणला असता.

टाय रॉडचे एंड मात्र दोन्ही बाजूचे कोरे नवे. त्यात तडजोड नाही. बॉल जॉइंट, एंड यांना वेल्डिंग करून किंवा ठोकून चालवायचं नाही. नटातली स्प्लिट पिनही नवीच. आणि भंगारातून काढलेला रॅक कितीही स्वस्त असो, तो ठोकलेल्या गाडीचा असू शकतो. दांडा किंचित वाकला असेल तर डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

बसवताना दोन कामं राहून जातात. एक, जुनं तेल पूर्ण काढून पाइप आणि टाकी धुणं. जुन्या पंपाचा किंवा रॅकचा लोखंडी कीस तेलात फिरत राहिला तर नवं सीलही खातो. दुसरं, व्हील अलाइनमेंट. नाहीतर पुढचे टायर एका बाजूने झिजतात.

पहिली भरलेली खेप मी स्वतः चालवली, पोरगा शेजारी. स्टेअरिंग वळणातून आपोआप सरळ येत होतं, खाली थेंब नव्हता. दुसऱ्या खेपेपासून गाडी परत त्याच्या हातात.

ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत त्यांनी एवढं घरीच करा. गाडी सपाट जागी, न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, इंजिन चालू ठेवा. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून पुढच्या चाकाकडे बघायचं. स्टेअरिंग हलतंय आणि चाक गप्प असेल तर माल भरायच्या आधी मिस्तरी गाठा.