माप गाडीवर बसवून

गगनबावड्याच्या बाजूला जून लागला की पुढच्या चाकाचा तांबडा चिखल बुटांवर येतो आणि इंजिनावरही. बूट धुता येतात. इंजिनाच्या फिन्समध्ये बसलेला चिखल मात्र वाळून विटेसारखा होतो. इंजिन वाऱ्यानं थंड होणारं. फिन्समधून वाराच फिरला नाही तर चढाला ते तापणारच. म्हणून पावसाआधी मी मोटरसायकलच्या पुढच्या मडगार्डला खाली लोंबणारा रबराचा फ्लॅप घरीच करून बसवतो.

रबर शोधण्यातच निम्मा वेळ जातो. ट्रकची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडे सहज मिळते, पण ती मऊ. वेग घेतला की मागे दुमडते आणि चिखल खालून निघून जातो. टायरच्या कडेचं रबर ताठ, पण जड. त्याच्या हेलकाव्यांनी प्लास्टिकचं मडगार्ड भोकापाशी तडकतं. मला पटलं ते ट्रकच्या चाकामागं लोंबणारं जुनं रबर, त्यातला 3 मिलिमीटरच्या आसपासचा पातळ तुकडा. वाकवलं की वाकतं, सोडलं की सरळ होतं.

पहिला फ्लॅप कापला तेव्हा गाडी डबल स्टँडवर होती. छान रुंद कापला, बसवला. करूळ घाट उतरताना प्रत्येक वळणावर ब्रेक, आणि थोड्या वेळात जळक्या रबराचा वास. थांबून पाहिलं तर फ्लॅपची कड सायलेन्सरच्या बेंडपाइपला चिकटून वितळली होती. ब्रेक मारला की पुढचे शॉकअप दबतात. चाक वर आणि मागं सरकतं, त्याच्याबरोबर मडगार्डही. इंजिन आणि बेंडपाइप जागेवरच. स्टँडवर तीन बोटं दिसणारी फट उतारावर उरतच नाही.

आता एकाला गाडीवर बसवतो, पुढचा ब्रेक धरून हँडल खाली रेटायला सांगतो. त्या स्थितीत पाइपापासून दोन बोटं सोडूनच खडूची रेघ मारतो. खालची कड जमिनीपासून सात-आठ बोटं वर. फार लांब ठेवली तर गाडी मागं घेताना टायरखाली सापडते.

दोन बोल्ट पुरतात. गोल डोकं टायरच्या बाजूला, नट बाहेर. उलटं केलं तर आट्यांचं टोक टायर कापतं. नटाखाली ॲल्युमिनियमची पट्टी द्यावी, म्हणजे ओढ एका भोकावर येत नाही. मडगार्ड पत्र्याचं असेल तर भोकाच्या कडेला रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच धरतो.

घरी करणार असाल तर आधी गाडी स्टँडवरून उतरवा, वर माणूस बसवा, आणि मगच खडू हातात घ्या.