तेरा पिशव्या

आमच्या धर्मग्रामात दरवर्षी जानेवारीत, सणाच्या निमित्ताने रक्तदान शिबिर भरते. अनेक वर्षे मी तेथे न चुकता रक्त देत आलो. प्रशस्तिपत्रक हाती घेऊन, चहा-बिस्किटांचा आस्वाद घेऊन घरी परतताना मनाला मोठे समाधान लाभत असे. ते समाधान किती स्वस्त होते, हे मला एका आठ वर्षांच्या मुलीने दाखवून दिले.

ती नंदुरबार जिल्ह्यातील, सातपुड्याच्या कुशीतल्या एका पावरा पाड्यावरची. मुंबईत उपचार घेता यावेत म्हणून ती आमच्या गावातील धर्मभगिनींच्या आश्रयाला राहिली आहे. सहा वर्षांची असताना एका सकाळी तिच्या उजव्या हातातील भाकरी गळून पडली. ती तिला पुन्हा उचलता येईना. एवढ्याशा लेकराला पक्षाघात! मूळ व्याधी सिकलसेलची.

निरोगी तांबडी पेशी वाटोळी व लवचीक असते आणि सुमारे १२० दिवस जगते. या मुलांच्या हिमोग्लोबिनच्या घडणीत मात्र एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आलेले असते. तेवढ्या फरकाने पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते, दहा-वीस दिवसांतच नाश पावते, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून पुढची वाट रोखते. आई व वडील दोघेही वाहक असले, की प्रत्येक अपत्याला ही व्याधी होण्याची शक्यता चारांत एक असते.

“सर, या मुलांच्या प्रत्येक दुखण्यावर रक्त हा उपाय नव्हे,” सिस्टरांनी मला समजावले होते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते, आणि ते बाहेर टाकण्याची सोय देहापाशी नाही. त्यासाठी वेगळे औषध घ्यावे लागते. परंतु ज्या मुलांना पक्षाघात झाला आहे किंवा होण्याचा मोठा धोका आहे, त्यांना नियमित रक्त हाच आधार. अमेरिकेत १३० मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, नियमित रक्त मिळालेल्या मुलांत पक्षाघाताचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९८ साली दिसून आले. रक्त देणे थांबवताच तो धोका परततो, हे २००५ साली दुसऱ्या अभ्यासाने दाखवले.

गेल्या मे महिन्यात सिस्टरांचा फोन आला. महाविद्यालये बंद, शिबिरे बंद; रक्तपेढीतील साठा आटलेला.

“सर, तुमचा गट ओ पॉझिटिव्ह. या शनिवारी याल का?”

“सिस्टर, भाचीचे लग्न तोंडावर आले आहे. पुढच्या आठवड्यात पाहू.”

“बरं, सर.” त्या एवढेच म्हणाल्या.

मुलीची पाळी नऊ दिवसांनी लांबली. देवाच्या कृपेने विपरीत काही घडले नाही. परंतु त्या कृपेला मी माझी क्षमा मानत नाही. लग्नानंतर मी रक्त देऊन आलो आणि कॉन्व्हेंटात गेलो. ती डाव्या हाताने चित्र रंगवीत बसली होती. मला पाहताच तिने विचारले, “आजोबा, लग्नात बँड होता का?”

मी “होता” म्हणालो. पुढे शब्द सुचेना.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तिला दर चार आठवड्यांनी एक पिशवी लागते. म्हणजे वर्षाला तेरा. शिबिरात एका दिवशी शंभर पिशव्या जमल्या, तरी तांबड्या पेशी शीतपेटीत फार तर ४२ दिवस टिकतात. जानेवारीतील आमचे औदार्य मे महिन्यात तिच्या उपयोगाचे नव्हते. पुरुषाला दर तीन महिन्यांनी, तर स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते. दोन जोडप्यांच्या मिळून वर्षाला चौदा पिशव्या होतात. दोन जोडपी! आमच्या धर्मग्रामात शेकडो कुटुंबे आहेत.

दिलेली पिशवी नेमकी तिलाच जाईल असे नाही. रक्तपेढी तपासून, जुळवून देते. पण पेढीत काही असेल तरच ती जुळवणार.

प्रभूने आपले रक्त एकदाच सांडले. परंतु ख्रिस्तसभा त्या दानाचा सोहळा वर्षातून एकदा साजरा करून थांबत नाही. पहाटेच्या मिस्सात, चार म्हाताऱ्यांसमोरही, पेला रोज उंचावला जातो. आयुष्यभर ते पाहूनही, दानाला सातत्य लागते हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

आता आमच्या घरच्या दिनदर्शिकेवर मिस्साच्या हेतूंखाली रक्तदानाच्या तारखा लिहिल्या आहेत. शेजारचे जोडपे आमच्या सोबतीला आले आहे. पत्नीचे हिमोग्लोबिन पहिल्या खेपेस साडेबाराच्या खाली भरले, म्हणून तिला परत पाठवले गेले. चौदाचा हिशेब तेथेच चुकला. त्यामुळे आम्हाला आणखी एक माणूस हवे आहे.