पडलेला भाव आणि उरलेली पत

कुपवाड

चि. बाळ यास,


फाउंड्रीचा शेअर निम्म्यावर आलाय, सगळे विकताहेत, मग आपण घ्यावा का, असं तू विचारलंस. मी बत्तीस वर्षं इथल्या एमआयडीसीत भट्टीजवळ काढली. मंदी आली की आधी रात्रपाळी बंद होते, मग भट्टी आठवड्यातून तीनच दिवस पेटते. एका मंदीत शेजारशेजारच्या दोन शेड मी पाहिल्या. माल तोच, गिऱ्हाईक तेच. ज्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता नव्हता, तो तगला. दुसऱ्याची यंत्रं लिलावात निघाली आणि ती पहिल्यानेच घेतली.

म्हणून आधी कर्ज बघ, भाव नंतर. नुसत्या पीईवरही, म्हणजे भाव शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे यावरही, जाऊ नकोस. अशा धंद्यात तेजीच्या टोकाला नफा फुगलेला असतो, म्हणून पीई कमी दिसतो आणि शेअर स्वस्त वाटतो. मंदीत नफा आटतो, पीई वाढतो आणि तोच शेअर महाग वाटतो. नवखा माणूस इथेच फसतो.

तगून राहण्याचं मोल कळायला आपल्याच भागातल्या दोन बँका आठव. सांगली बँक 1916 ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न 1936 ची. नव्या खाजगी बँका आल्यावर या जुन्या बँकांना कुणी विचारेना. दोघींचं भांडवल खालावलं होतं, पण गावोगावच्या शाखा आणि पिढ्यांचे ठेवीदार होते. सांगली बँक तोट्यात गेली होती, तरी तिने स्वतः विलीनीकरणाची बोलणी केली. 2007 मध्ये तिच्या 925 शेअरमागे आयसीआयसीआय बँकेचे 100 शेअर मिळाले. साताऱ्याच्या बँकेवर मात्र सप्टेंबर 2006 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. ती ताब्यात घेताना आयडीबीआयने तिच्या भागधारकांना शेअरमागे 28 रुपये रोख दिले आणि हिशेब मिटला. पुढच्या तेजीत त्यांचा वाटा उरला नाही.

नावडत्या धंद्यात मोल दडलेलं असतं, यावर माझा विश्वास आहे. पण ते हाती लागायला वेळ लागतो आणि तोवर कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहावी लागते. तुझाही पैसा असा हवा, की पाच वर्षं त्याची गरज पडणार नाही. उसना तर मुळीच नको.

त्या कंपनीचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल काढ. सर्वांत वाईट वर्षी व्याज भरायला पैसा कुठून आला, ते वहीत लिही. मगच शेअर घे.

तुझा,
मामा