बाजार बेळगावचा, मत चंदगडचं

मैत्रिणींनो, बेळगाव म्हटलं की आपल्याला कुंदा आणि गणपत गल्लीतली खरेदी आठवते. या खेपेला मात्र चंदगडहून एस.टी.नं जाऊन पाहा. रस्ता चाळीसेक किलोमीटरांचा, पण शिकवून जातो बाई!

मी गेले तेव्हा शेजारी एक मावशी पायाशी रताळ्यांचं पोतं घेऊन बसल्या होत्या. शिनोळी गेलं, बाची आलं, आणि मधल्या मधे राज्य बदललं. पाट्यांवरची लिपी बदलली एवढंच. शेतं तीच, बोलणंही तेच.

"नेहमी इकडंच येता?" मी विचारलं.

"मग वो! दवाखाना बेळगाव, लग्नाचा बस्ता बेळगाव. कागुद काढायचा झाला की तेवढं कोल्हापूर."

आणि कोल्हापूर तिथून बेळगावच्या दुपटीहून लांब!

हे असं का, ते सांगते. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हा मराठी तालुका वेगळा काढून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. बेळगाव शहर आणि बाकीचा जिल्हा गेला तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. महाराष्ट्राचं म्हणणं, खेडं हा घटक धरून सीमा ठरवा. १९६७ च्या अहवालात महाजन आयोगानं शहर तिकडेच ठेवलं. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

शहर कुणाचं, यावर इतकी वर्षं भांडण चाललंय. पण मावशींच्या बाजाराचं काय? त्यांचं मत चंदगडला, त्यांचा आमदार मुंबईच्या विधानसभेत. रताळी विकायची तिथली पट्टी, बाजारातली बसायची जागा, शहरातला रस्ता, हे ठरवणाऱ्यांना मात्र मावशींच्या मताची गरजच नाही. मग त्यांची दखल घेणार कोण? खेडं आणि त्याचं बाजाराचं गाव यांच्यामधून रेघ गेली, की शहराचं राजकारण एकीकडे आणि खेड्याचं दुसरीकडे. नकाशा काढताना भाषा मोजली, पण बाजाराची वाट कुणी मोजली नाही.

तेव्हा बेळगावात रताळी घ्याल, तर घासाघीस करण्याआधी "कुठल्या गावच्या तुम्ही?" एवढं विचारा. आपल्या गावच्या मंडईत पाटी घेऊन बसणारीलाही विचारा. तिचं मत कुठं आणि पोट कुठं, हे कळलं की दोन रुपयांसाठी जीभ रेटत नाही, बरं का!