देवाशी अबोला

आमच्याकडे म्हणतात, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ कुठंच जमलं नाही तर परभणी आहेच. लग्न होऊन इथं आले तेव्हा ही म्हण ऐकून मी खूप हसले होते. पण जिंतूर रस्त्यावर यांना अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं, सात महिने हे अंथरुणाला खिळले, तेव्हा हसू कुठल्या कुठे पळालं. दुकानातली नोकरी गेली. माझी शाळा अर्धवेळ, तासांवर पगार. पाटल्या गहाण पडल्या.

आम्ही ख्रिस्ती. मंदिरातली मंडळी भेटायला येत, प्रार्थना करीत, डबाही आणीत. खोटं कशाला सांगू? डब्याचा आधार वाटे, बोलण्याचा वाटत नसे. जो तो म्हणे, ‘ईयोबाकडे पाहा.’ ईयोबाला भेटायला आलेल्या मित्रांनीच त्याला जास्त छळलं, हे मात्र कुणी बोलत नसे! मी रात्रीची प्रार्थना सोडली. देवाशी अबोलाच धरला म्हणा ना.

सासूबाई शहाण्या. त्यांनी उपदेश केला नाही. ट्रंकेतून लक्ष्मीबाई टिळकांचं जुनं ‘स्मृतिचित्रे’ काढून दिलं नि म्हणाल्या, ‘मोठ्यानं वाच गं, त्यालाही ऐकू जाईल.’ कॉलेजात मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता रोज जेवणं उरकली की वाचू लागले. टिळकांचा पैशाच्या बाबतीतला विसराळूपणा आणि बाईंची उडणारी तारांबळ ऐकून हे इतके हसले, की पाय दुखून ओरडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा आमच्या घरात कुणी हसलं होतं.

१८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या. पदरी लहानगा दत्तू. नवरा असून नसल्यासारखा! वर्षांमागून वर्षं त्यांनी माहेरच्यांच्या आधारानं काढली. पुढे त्या टिळकांकडे गेल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं, चूल वेगळीच. जातिभेद माणसानं केलाय, देवानं नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणी पटवलं नाही. विचार करकरून त्यांचं त्यांनाच पटलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला धीर आला तो याच गोष्टीचा, की एवढ्या मोठ्या बाईलाही वेळ लागला. त्या रुसल्या, भांडल्या, रडल्या, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मग माझा अबोला देवानं का मनावर घ्यावा?

दिवाळीनंतर शेजारच्या म्हातारीकडे तिची नात राहायला आली. आई-बाप ऊसतोडीला गेलेले. पोर आठ वर्षांची. संध्याकाळी माझ्या मुलाबरोबर अभ्यासाला बसे आणि भाकरी थापायची वेळ झाली तरी उठत नसे. ज्वारीचा डबा तळाला गेलेला. पहिल्या दिवशी मी चौथी भाकरी थापली ती अगदी जिवावर येऊन. टिळकांच्या घरी कुणाकुणाची मुलं वाढली, हे आदल्याच रात्री वाचलं नसतं, तर थापली नसती. आता हसू येतं, पण तेव्हा त्या पुस्तकाचाच राग आला होता.

ही पोर मोठी धीट. यांच्या खाटेवर चढून बसायची. ‘काका, सतराचा पाढा येतो का?’ यांना येईना! मग दोघं मिळून पाठ करू लागले. जो माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा, तो पाच वाजले की उशी टेकवून उठून बसे. हळूहळू गल्लीतली आणखी तीन मुलं आली. एका संध्याकाळी पोरीनंच विचारलं, ‘काकू, तुम्ही जेवायच्या आधी डोळे का मिटत नाही? काका तर मिटतात.’ उत्तर सुचेना. मी डोळे मिटले. शब्द काही आठवले नाहीत. नुसतीच बसून राहिले.

टिळक १९१९ साली वारले. त्यांनी हातपाटी धरून ज्यांना अक्षर शिकवलं, त्या बाईंनी त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं. ते मी अजून वाचलेलं नाही. सासूबाईंच्या ट्रंकेत नाही, आणि विकत घ्यायचं म्हणजे आधी पाटल्या सोडवायला हव्यात!

यांचा पाय किंचित आखूडच राहिला. उन्हाळा लागता लागता पोरीचे आई-बाप परतले आणि तिला घेऊन गेले. त्या संध्याकाळी पाच वाजता हे काठी टेकत दारात जाऊन उभे राहिले. आता दिवाळी तोंडावर आलीय. हे अठराचा पाढा घोकताहेत.