भूतानच्या दारातून परत

मुलांनो, एकच रस्ता. अलीकडच्या फुटपाथवर सकाळचे दहा वाजलेत आणि पलीकडे साडेदहा! असे कुठे असते का? असते, बरं का. पश्चिम बंगालच्या अलीपूरद्वार जिल्ह्यात जयगाव नावाचे गाव आहे. त्याला अगदी खेटून भूतानचे फुंटशोलिंग हे शहर वसले आहे. मध्ये एक रंगीबेरंगी नक्षीची कमान आहे. तिचे नाव भूतान गेट. भूतानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे चालते, म्हणून ही गंमत!

गंमत एवढ्यावरच संपत नाही. जयगावात रिक्षांचे भोंगे, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, चहाच्या टपऱ्या, नुसती झुंबड! आणि पलीकडे? रस्ता ओलांडायला पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवला, की गाडीवाला गाडी थांबवतो. पुरुषांच्या अंगात घो आणि बायकांच्या अंगात किरा हा तिथला पोशाख. दुकानात आपला रुपया चालतो, कारण भूतानचा नुलत्रुम आणि आपला रुपया यांची किंमत सारखीच आहे. तिथल्या पुष्कळ लोकांना हिंदीही छान येते. त्यामुळे वाटते, हा कसला परदेश? शेजारच्या आळीत तर जायचे!

पण आळी आणि देश यांत फरक असतो. तो आमच्या सहलीतल्या एका मुलीला कसा कळला, तेच आज सांगायचे आहे.

2023 सालच्या मे महिन्यात आम्ही बारा जण निघालो होतो. सियालदहहून कांचनकन्या एक्स्प्रेसने हासीमारा आणि तिथून गाडीने जयगाव. आमच्यात एक मावशी होत्या आणि त्यांच्यासोबत त्यांची साताऱ्याची भाची. वय वर्षे चौदा, नववीत गेलेली. तिने वर्षभर पैसे साठवले होते. पारोजवळच्या कड्याला चिकटलेल्या 'टायगर्स नेस्ट' मठाचे चित्र तिने वहीला चिकटवले होते. सहल ठरवून देणाऱ्या गृहस्थांनी सगळ्यांना सांगितले होते, "आधार कार्ड घ्या, बास! भारतीयांना भूतानला व्हिसा लागत नाही."

त्यातला दुसरा भाग खरा होता. पहिला खोटा.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण प्रवेशाचा परवाना लागतोच. त्यासाठी निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट तरी हवा, नाहीतर मतदार ओळखपत्र. आम्हा मोठ्यांपैकी कुणाकडे हे, कुणाकडे ते, असे सुदैवाने सगळ्यांकडे होते. भाचीकडे मात्र आधार कार्ड आणि शाळेचे ओळखपत्र. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने दोन्ही उलटसुलट पाहिली आणि हळूच परत सरकवली.

"इससे नहीं होगा, बहन," तो म्हणाला. "बच्चे का पासपोर्ट या जन्म का सर्टिफिकेट. माँ-बाप कहाँ हैं?"

आईबाबा साताऱ्याला होते. मावशींनी फोन लावला. दहा मिनिटांत जन्मदाखल्याचा फोटो मोबाइलवर आला. अधिकाऱ्याने तो नीट पाहिला आणि मान हलवली. मूळ कागद हवा, आणि आईवडील सोबत नाहीत तर मुलीला आत सोडता येणार नाही.

मग जे व्हायचे तेच झाले. एक काका म्हणाले, "अहो, लहान पोर आहे, जाऊ द्या ना!" दुसऱ्यांनी कानात सुचवले, "थोडे पैसे देऊन बघू या का?" आमच्यातले सर्वांत वडील आजोबा तेवढ्यात कडाडले, "खबरदार! आपण पाहुणे आहोत. दार त्याचे आहे." सगळे गप्प. भाची मात्र मान खाली घालून उभी होती. डोळ्यांतून टपटप पाणी.

तुम्ही म्हणाल, काय हा अन्याय! आधार कार्डावर फोटो असतो, नाव असते, बोटांचे ठसेसुद्धा दिलेले असतात. मग का चालत नाही?

थोडा विचार करू या. आधार सांगते, की हा माणूस भारतात राहतो. तो भारताचा नागरिक आहे, असे ते सांगत नाही. परदेशी माणूससुद्धा वर्षभरात 182 दिवस भारतात राहिला, तर त्याला आधार मिळू शकते. मतदार ओळखपत्र मात्र फक्त नागरिकालाच मिळते. भूतानने सवलत दिली आहे ती भारताच्या नागरिकांना. मग नागरिक कोण, हे त्यांनी तपासायला नको का? आणि मुलांच्या बाबतीत आणखी एक काळजी असते. कुणी मुलाला पळवून तर नेत नाही ना? सीमेवरचा अधिकारी आईवडिलांविषयी विचारतो, तो मुलाच्याच भल्यासाठी.

भूतान हा दार जपून उघडणारा देश आहे. पूर्वी तर तिथे जायला रस्ताच नव्हता! 1958 साली पंडित नेहरू भूतानला गेले, ते सिक्कीममधून नथुला खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून. त्यानंतर 1961 मध्ये आपल्या सीमा सडक संघटनेचा 'दंतक' प्रकल्प सुरू झाला आणि फुंटशोलिंग ते थिंफू हा घाटरस्ता डोंगर फोडून बांधला गेला. परदेशी पर्यटकांना भूतानने 1974 मध्ये प्रवेश दिला. पहिल्या वर्षी आलेले पर्यटक तीनशेसुद्धा नव्हते! फार गर्दी झाली तर जंगल आणि मठ दोन्ही बिघडतील, ही त्यांची भीती. देशाचा निदान 60 टक्के भाग जंगलाखाली राहिलाच पाहिजे, असे त्यांच्या राज्यघटनेतच लिहिले आहे. कोरोनामुळे बंद झालेले दार सप्टेंबर 2022 मध्ये उघडले, तेव्हापासून भारतीय पर्यटकालाही माणशी, रात्रीमागे 1200 रुपये शुल्क पडू लागले. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, आणि त्याहून लहानांना माफ.

आता पुन्हा आपल्या खिडकीपाशी येऊ. प्रश्न असा होता, की पुढे काय? सगळ्यांनी परत फिरायचे? की मुलीला हॉटेलात बसवून जायचे? मावशींनी एका क्षणात सांगून टाकले, "तुम्ही सगळे जा. आम्ही दोघी इथेच राहतो." मावशींच्या हातात परवाना मिळण्याजोगी सगळी कागदपत्रे होती. त्यांचेही भूतान पाहायचे राहिलेलेच होते. पण त्यांनी पिशवी उचलली आणि भाचीचा हात धरून त्या जयगावच्या गर्दीकडे वळल्या.

आम्ही थिंफू पाहिले, पारो पाहिले, टायगर्स नेस्टची चढण दमत-भागत चढलो. चार दिवसांनी खाली आलो, तर भाची आम्हालाच सांगायला उतावीळ! दोघी जलदापाराच्या जंगलात गेल्या होत्या. काझिरंग्यानंतर एकशिंगी गेंड्यांसाठी प्रसिद्ध असलेले हेच ते राष्ट्रीय उद्यान. तिने चिखलात लोळणारी गेंड्याची मादी आणि तिचे पिल्लू पाहिले. मग दोघी टोटोपाड्याला गेल्या. वाटेत कोरड्या नद्यांच्या पात्रांतून गाडी धडधडत जाते. पावसाळ्यात हीच पात्रे भरून वाहतात आणि गावाची वाट अडवतात. तिथे टोटो नावाची अगदी छोटी जमात राहते. जेमतेम दीड-दोन हजार माणसे, पण भाषा त्यांची स्वतःची! त्या भाषेला लिपी तयार करणारे धनीराम टोटो यांना 2023 मध्येच पद्मश्री मिळाली. गावाच्या डोक्यावरचा डोंगर म्हणजे थेट भूतानच. मावशी म्हणाल्या, "बघ, दिसले की नाही भूतान?" आणि दोघी खूप हसल्या.

मठ राहिला तो राहिलाच. त्याचे दुःख तिला होते, आणि ते तिने लपवलेही नाही.

मित्रांनो, असे फक्त भूतानच्याच दारात होते असे नाही. आपल्याच देशात अरुणाचल प्रदेशात जायचे असेल, तर आधी 'इनर लाइन परमिट' काढावे लागते. परदेशी विमानतळावर तर व्हिसा हातात असूनही परत पाठवू शकतात. कुठे उतरणार, किती दिवस राहणार, परतीचे तिकीट आहे का, असे विचारतात. व्हिसा म्हणजे दार ठोठावायची परवानगी. दार उघडायचे की नाही, हे आतला ठरवतो. आपल्या पासपोर्टच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने काय लिहिले आहे, ते वाचा कधीतरी. या माणसाला अडथळा न करता जाऊ द्यावे, अशी ती विनंती आहे. आपल्या राष्ट्रपतीसुद्धा दुसऱ्या देशाला हुकूम करत नाहीत!

म्हणून सहलीला निघताना ऐकीव माहितीवर भिस्त ठेवू नका. त्या देशाच्या सरकारने काय सांगितले आहे, ते मोठ्यांकडून वाचून घ्या. मूळ कागद जवळ ठेवा, एक प्रत दुसऱ्या पिशवीत. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षे चालतो, तेव्हा मुदत तपासा. आणि कुणी "नाही" म्हटले, तर भांडू नका, रडू आले तर खुशाल रडा. पण मागे वळलात, की त्या बाजूलाही काय आहे ते बघा.

आणि हो, आज जेवताना आईबाबांना एक प्रश्न विचाराच : "माझा जन्मदाखला कुठे ठेवलाय?"